‘आईसारखी’ बाटली: खोक्यावरचे दावे आणि हाती असलेलं संशोधन

परवा रात्री साडेअकराला ताईने मला चार फोटो पाठवले. चार दुधाच्या बाटल्या, आणि खाली एक ओळ: "तू पीएचडी करतेस ना, मग सांग यातली कुठली घेऊ."

माझी पीएचडी बाटल्यांवर नाही. आरोग्यविषयक चाचण्या कशा आखतात आणि त्यांचे निष्कर्ष कुठे घसरतात यावर मी काम करते, हे इथे नेहमी येणाऱ्यांना माहीत आहे. पण ताईचा प्रश्न खरा होता. तिचं बाळ चोवीस दिवसांचं, पूर्ण दिवसांचं, वजन नीट वाढतंय, अंगावर छान पितं. ताई एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. घेतला तास तर पैसे, नाही घेतला तर नाही. सव्वीस आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे, तिच्या करारात नाही. (मला, म्हणजे विद्यार्थिनीला, यूजीसीच्या नियमाप्रमाणे पीएचडीच्या काळात २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. शिकवणारीला नाही. असो.) बाळ सहा आठवड्यांचं झालं की तिला रोज चार तास घराबाहेर राहावं लागणार. दूध काढून ठेवेल, पाजतील सासूबाई. त्यात शेजारच्या काकूंनी सांगून ठेवलंय, "एकदा बाटली तोंडात गेली की ते पुन्हा अंगाला लागायचं नाही." ताई तीन रात्री या वाक्यावर रडली आहे.

म्हणून मी चारही फोटो मोठे करून त्यांवरचे दावे वाचले, आणि मग पेपर काढून बसले. काय सापडलं ते तुम्हालाही सांगते.

पहिला दावा चारपैकी तिघींवर होता: निपल हुबेहूब आईसारखं आहे, त्यामुळे बाळाला फरक कळत नाही. फोटोत निपल रुंद, गुबगुबीत, दिसायला खरोखर स्तनासारखं. अडचण अशी की बाळाच्या तोंडात गेल्यावर स्तनाग्र तसं राहतच नाही. १९८८मध्ये स्मिथ, एरेनबर्ग आणि नोवाक यांनी दूध पिणाऱ्या बाळांची सोनोग्राफी केली. पिताना स्तनाग्र ताणून मूळ लांबीच्या जवळजवळ दुप्पट होतं, असं त्यांना दिसलं. सिलिकॉनचं निपल इतकं ताणत नाही. म्हणजे कंपनीने जी नक्कल केली ती बाहेरून डोळ्यांना दिसणाऱ्या आकाराची. बाळाच्या जिभेला जे लागतं त्याची नाही. विकत घेणारे डोळे आपले असतात, हे कंपनीला बरोबर कळलंय.

दूध बाहेर येतं कसं, यावरही बराच काळ मतभेद होते. जीभ लाटेसारखी हलून दूध पिळून काढते, असं एक जुनं म्हणणं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे डोना गेडिस यांच्या गटाने २००८मध्ये सोनोग्राफी आणि तोंडातला दाब एकाच वेळी मोजला. जीभ खाली जाते, तोंडात ओढ वाढते, आणि त्याच क्षणी दूध येतं, असं त्यांना आढळलं. २०१४मध्ये एलाद आणि सहकाऱ्यांनी गणिती प्रारूप मांडून ओढीचाच मुद्दा पुढे नेला. याच पर्थच्या गटाने पुढे फक्त ओढ लावल्यावरच दूध सोडणारं एक निपल तपासलं. त्यात जिभेची हालचाल अंगावर पितानासारखी दिसली, ओढ मात्र कमी होती. त्या संशोधनामागे पंप आणि बाटल्या बनवणाऱ्या कंपनीचा पैसा होता आणि पेपरात तसं लिहिलेलं आहे. तेवढ्याने काम खोटं ठरत नाही. पण असा पेपर वाचताना मी एक गोष्ट पाहते: नेमकं काय मोजलं? इथे जीभ आणि दाब मोजले. ते बाळ तीन महिन्यांनी अंगावर पीत होतं की नाही, हे मोजलेलं नाही. खोक्यावर ‘संशोधनाने सिद्ध’ छापलं की हा फरक दिसेनासा होतो.

आता ज्या गोष्टीने बाळाला सगळ्यात जास्त फरक पडतो तिच्याकडे येऊ. ती म्हणजे वेग.

अंगावर पिताना सुरुवातीला फारसं काही येत नाही. बाळ भराभर चोखतं, मग पान्हा फुटतो, दूध जोरात येतं, पुन्हा मंदावतं. बाटलीत पहिल्या सेकंदापासून धार चालू, तीही शेवटपर्यंत. (हवेची वाट ठेवलेल्या बाटलीत तर आत ओढ साठतच नाही, त्यामुळे धार जराही अडत नाही.) तेव्हा ‘स्लो फ्लो’, ‘० महिन्यांपासून’ हे शब्द कामाचे असायला हवेत. अमेरिकेत ब्रिट पॅडोस या संशोधिकेने हेच तपासलं. प्रत्येक प्रकारची दहा निपलं घेतली, ब्रेस्टपंपाने ओढ लावली आणि एका मिनिटात किती दूध येतं ते मोजलं. सगळ्यात मंद निपलातून मिनिटाला दोन मिलीच्या आसपास, सगळ्यात वेगवान निपलातून ८५ मिली. ते वेगवान निपल घट्ट दुधासाठी वेगळा छेद दिलेलं होतं, त्यामुळे त्या टोकाला फार धरून बसू नका. खरी गोष्ट मधल्या गर्दीत आहे. एका कंपनीचं ‘स्लो’ आणि दुसऱ्या कंपनीचं ‘स्लो’ यांच्यात कितीतरी पटींचा फरक निघाला. नावावरून वेगाचा अंदाज बांधता येत नाही, हा त्यांचा निष्कर्ष, आणि पुढच्या वर्षांत पुन्हा मोजलं तेव्हाही तोच आला.

या अभ्यासाच्या मर्यादा आहेत. पंप म्हणजे बाळ नव्हे. दूध पावडरचं होतं. निपलं अमेरिकेतल्या दुकानातली. पण मला जे खटकलं ते वेगळंच. वेग मोजता येतो, मोजायला साधी साधनं पुरतात, आणि तरी चारपैकी एकाही खोक्यावर मिलीमध्ये आकडा नाही. ‘आईची ऊब’ आहे, आकडा नाही.

आपल्याकडे याला आणखी एक कंगोरा आहे. १९९२च्या कायद्याने दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे. २००३मध्ये तो आणखी कडक केला. कायदा चांगलाच आहे, त्यामागे अतिसाराने गेलेल्या बाळांचा इतिहास आहे. नीट न धुतलेली बाटली आजही धोकादायक आहे. पण होतं काय, डॉक्टर म्हणतात बाटली नकोच, आणि विषय संपतो. ज्या बाईला काही तास घराबाहेर जावंच लागतं तिने विचारायचं कुणाला? ती रात्री साडेअकराला विक्रीच्या पानांवरची विशेषणं वाचत बसते.

आता काकूंचं वाक्य. याला इंग्रजी साहित्यात ‘निपल कन्फ्युजन’ म्हणतात, आणि १९९५मध्ये निफर्ट, लॉरेन्स आणि सीकॅट यांनी त्याची रीतसर व्याख्या करायचा प्रयत्न केला. त्यानंतर २०१५मध्ये झिमरमन आणि थॉम्पसन यांनी तोवरचे पेपर एकत्र तपासले. बाटलीच्या बाबतीत काहीतरी आहे असं वाटण्याइतका पुरावा त्यांना मिळाला, चोखणीच्या बाबतीत फारच थोडा. आणि मुख्य प्रश्न उघडाच राहिला: बाटलीमुळे बाळ अंगाला लागेनासं होतं, की अंगावर पिणं आधीच जड जात होतं म्हणून घरच्यांनी बाटली आणली?

हा प्रश्न किती फसवा आहे ते चोखणीवरच्या एका चाचणीत लख्ख दिसतं. मी ती दर वर्षी ज्युनिअरना शिकवते. मॉन्ट्रियलमध्ये मायकेल क्रेमर यांच्या गटाने २८१ मायलेकरांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला चोखणी टाळायचा सल्ला, दुसऱ्याला तसा नाही. तीन महिन्यांत अंगावरचं दूध सुटलेली बाळं: १८.९ टक्के आणि १८.३ टक्के. फरक नाही. मग त्यांनी त्याच आकड्यांतून गट पुसून टाकले आणि नुसतं पाहिलं, रोज चोखणी घेणारी बाळं कोण आणि न घेणारी कोण. आता २५ टक्के विरुद्ध १२.९ टक्के. तीच बाळं, तेच घर, आणि चोखणी एकाएकी गुन्हेगार. कारण ज्या घरात पाजणं कठीण जात होतं, तिथेच चोखणी जास्त आली होती.

बाटलीवरची मोठी चाचणी २००३ची, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथली, सिंथिया हॉवर्ड आणि सहकाऱ्यांची. ७०० नवजात बाळं. वरचं दूध द्यावंच लागलं तर काहींना बाटलीने, काहींना कपाने. अंगावर पिण्याचा एकूण काळ दोन्ही गटांत सारखाच निघाला. मात्र सिझर झालेल्या आयांच्या बाळांत, आणि दोनपेक्षा जास्त वेळा वरचं दूध द्यावं लागलेल्या बाळांत, कपाचा फायदा दिसला. हा पेपर एका वेगळ्याच वाक्यासाठी जास्त सांगितला जातो: वरचं दूध, कशानेही दिलं तरी, स्तनपानाला मारक. इथे जरा थांबा. कप की बाटली हे चिठ्ठीने ठरलं होतं. वरचं दूध द्यायचं की नाही हे चिठ्ठीने ठरलं नव्हतं, ते गरजेने ठरलं. म्हणजे हे वाक्य त्याच चाचणीतलं असूनही त्याच्यामागे चाचणीचं बळ नाही. चोखणीच्या २५ टक्क्यांसारखंच ते वाचायला हवं. ताईच्या बाबतीत तर वरचं दूधही नाही, तिचंच काढलेलं दूध आहे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं गणित वेगळं. तिथे बाटली टाळल्याने घरी जाताना अंगावर पिणाऱ्या बाळांची संख्या वाढते, असं चाचण्या एकत्र केल्यावर दिसतं. ते निष्कर्ष इथे ओढून आणू नका, आणि इथले तिकडे नेऊ नका.

मग बोंडलंच का नको, असं आमच्या आत्याने विचारलं. रास्त प्रश्न आहे. बोंडल्याच्या जातीची दक्षिणेतली पलाडाई १९९९मध्ये दिल्लीच्या संशोधकांनी कप आणि बाटलीशी ताडून पाहिली. पलाडाईने कमी वेळात जास्त दूध गेलं, सांडलंही कमी. २००७मध्ये इंग्लंडमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर तीच तुलना केली तर उलटं: वेळ जास्त, सांडणं जास्त, बाळाला त्रासही जास्त. एकीकडे पाजणाऱ्यांचा हात बसलेला, दुसरीकडे नवखा, असं मला वाटतं. पेपर ते सिद्ध करत नाहीत. बोंडलं, वाटी-चमचा धुवायला सोपे, हा त्यांचा मोठा गुण. पण दूध घशात ओतायचं नसतं. बाळाला उठतं धरून कड ओठाला टेकवायची आणि त्याला घेऊ द्यायचं. ताईच्या सासूबाईंचा हात थरथरतो. हे कुठल्याही पेपरात येणार नाही, पण निर्णय त्यावरच ठरला.

तर ताईला मी जे लिहिलं ते असं. आकार सोड. ‘आईसारखी’ हा शब्द असलेल्या बाटलीला त्या शब्दाचे जास्त पैसे देऊ नकोस. आयएसआय चिन्ह बघ, सगळे भाग सुटे होऊन ब्रश आत जातो का बघ, आणि त्या कंपनीचं सगळ्यात मंद निपल घे. दूध भरून उलटी केल्यावर धार लागली तर ते परत कर. पाजताना बाळ उठतं, बाटली आडवी, दर थोड्या घोटांनी खाली झुकवून विश्रांती. ही पद्धत २००२मध्ये डी कॅसिंग यांनी लिहून ठेवली. तो अनुभवावरचा लेख आहे, चाचणी नव्हे, पण वेग आटोक्यात ठेवायचा तर याहून सरळ उपाय मला दिसत नाही. ओठांच्या कडेने दूध ओघळतंय, बाळ श्वास न घेता गटागटा गिळतंय, बोटं फाकवतंय, तर थांबायचं. पाच मिनिटांत बाटली संपली म्हणजे बाळाला भूक होती असं समजायचं नाही, निपल वेगवान आहे असं समजायचं. आणि उरलं तर उरू दे, संपवायचा आग्रह नको. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत (ली आणि सहकारी, २०१०) सुरुवातीच्या महिन्यांत फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांपैकी २७ टक्के बाळं पुढे बाटली दिल्यावर ती पूर्ण संपवत; सुरुवातीपासून फक्त बाटलीने पिणाऱ्यांत हेच प्रमाण ६८ टक्के होतं. बाटलीत आईचंच दूध असलं तरी कल तोच दिसला. (ही पाहणी आहे, चाचणी नाही. वरचा चोखणीचा किस्सा आठवा.)

ताईने चारपैकी सगळ्यात साधी, अरुंद निपलची बाटली घेतली. सहा आठवड्यांची वाट न पाहता पाचव्या आठवड्यात, स्वतः घरात असताना, सासूबाईंकडून दिवसातून एकदा पाजून बघायला सुरुवात केली. पहिले दोन दिवस बाळाने तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी वीस मिनिटांत चाळीस मिली घेतलं, आणि संध्याकाळी नेहमीसारखं अंगाला लागलं. एका बाळावरून काही सिद्ध होत नाही, हे मीच तिला फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, "तुझ्या पेपरातल्या सातशे बाळांपैकी माझं एकही नव्हतं," आणि फोन ठेवला.