उपेक्खा नव्हे, उपेक्षा!

ब्रह्मदेशाशी आमचे नाते केवळ भूगोलाचे नाही. डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेस बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्यांच्याकडून त्यांनी त्रिशरण-पंचशील ग्रहण केले, ते कुशीनाराचे महास्थवीर चंद्रमणी मूळचे आराकानचे. यास्तव १ फेब्रुवारी २०२१ रोजी तेथील लष्कराने लोकनियुक्त सरकार उलथवले, त्यावेळी जगातील राष्ट्रे कशी वागली याची चिकित्सा करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

शब्दांची उणीव मुळीच नव्हती. एप्रिल २०२१ मध्ये आसियान संघटनेने जकार्ता येथे पंचसूत्री ठरविली. हिंसा थांबवावी, हे तिचे पहिले सूत्र. लष्करप्रमुख मिन आँग हलाइंग स्वतः त्या बैठकीस हजर होते. परंतु हिंसा थांबली नाही. १८ जून २०२१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११९ मतांनी ठराव करून शस्त्रांचा ओघ रोखण्याचे आवाहन केले. विरोधी मत एकट्या बेलारूसचे होते, तर ३६ राष्ट्रे तटस्थ राहिली. आमसभेचा ठराव बंधनकारक नसतो. सुरक्षा परिषदेचा ठराव आला तो डिसेंबर २०२२ मध्ये, आणि त्यात शस्त्रबंदी नव्हतीच.

या शब्दांचे मोल कृतीने ठरते. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांच्या मे २०२३ च्या अहवालानुसार, सत्तापालटानंतर त्या लष्कराकडे किमान एक अब्ज डॉलरची शस्त्रे व युद्धसामग्री पोहोचली. पुरवठादारांच्या देशांत रशिया, चीन, सिंगापूर, थायलंड यांच्यासह आपला भारतही आहे. आमसभेच्या व सुरक्षा परिषदेच्या दोन्ही मतदानांत भारत तटस्थ होता. २७ मार्च २०२१ रोजी शंभराहून अधिक नागरिक मारले गेले. त्याच दिवशीच्या लष्करी संचलनास उपस्थित राहिलेल्यांत भारताचाही प्रतिनिधी होता.

सुमारे सोळाशे किलोमीटरची सरहद्द, ईशान्येतील बंडखोरी व चीनचा वाढता प्रभाव, ही कारणे भारताच्या बाजूने दिली जातात. ती खोटी नाहीत. परंतु या कारणांनी फार तर मौन समजू शकते; शस्त्रसामग्रीचे समर्थन होत नाही.

या वर्तनास तटस्थता म्हणणे हा त्या शब्दावर अन्याय होय. आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' ग्रंथात अज्ञानजन्य उदासीनतेस उपेक्खेचा निकटचा शत्रू म्हटले आहे, कारण दोन्ही दिसावयास सारख्याच. खरी उपेक्खा मेत्ता व करुणेसह नांदते. पीडिताकडे पाठ फिरवून पीडकाशी व्यापार करणारी ती निव्वळ उपेक्षा.

परंतु हाच निकष आम्ही स्वतःस लावणार की नाही? २००७ मध्ये ब्रह्मी भिक्खूंनी भिक्षापात्र पालथे घालून लष्कराचे दान नाकारले, तेव्हा आम्हांस अभिमान वाटला. २०१७ मध्ये त्याच लष्कराच्या अत्याचारामुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. काही भिक्खूंनी द्वेषाची भाषा केली, तेव्हा आमच्यापैकी किती बोलले? पीडित मुसलमान होते म्हणून आमची करुणा आखडली असेल, तर राष्ट्रांना दोष देण्याचा आमचा अधिकार उणा होतो. भिक्खू हा आत्ममग्न परिपूर्ण पुरुष की समाजसेवक, असा प्रश्न बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रारंभीच विचारला होता. तो प्रश्न उपासकांसही तितकाच लागू आहे, असे आम्हांस वाटते.