व्यवसाय शिक्षण आणि श्रमबाजार : राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील एका प्रकरणाची चिकित्सा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चे सोळावे प्रकरण व्यवसाय शिक्षणाच्या पुनर्रचनेविषयी आहे. त्याच्या आरंभी बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या आधारे एक तुलना दिली आहे. भारतात १९ ते २४ वयोगटातील कामगारांपैकी पाच टक्क्यांहून कमी जणांना औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळाले. अमेरिकेत हे प्रमाण ५२, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के आहे. चर्चासत्रांतून हे आकडे इतक्या वेळा उद्धृत होतात की त्यांतील ‘औपचारिक’ या विशेषणाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः धोरणाची दृष्टी त्या एका शब्दात सामावलेली आहे.

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. गिरण्यांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे नवा मुलगा नातलगाच्या ओळखीने आत येई, बदली कामगार म्हणून उभा राही आणि शेजारच्या साच्यावरील जाणत्या माणसाच्या हाताखाली तयार होई. त्याला प्रमाणपत्र मिळत नसे. पण शिकणे आणि कमावणे यांत अंतरही नसे. गोळीबार चौक परिसरातील कोष्टी विणकरांच्या घरात तर शाळा आणि कारखाना एकच. धोरणाच्या गणनेत ही सारी माणसे अप्रशिक्षित ठरतात. अर्थात या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. ओळखीवर चालणारे दार ओळख नसलेल्याला बंद असते. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना कापड खात्यात घेतले जात नाही, हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी उपस्थित केला होता. शिवाय २००२ मध्ये एम्प्रेस मिल बंद पडली, तेव्हा साच्यावरचे कसब असलेल्या माणसाला त्याच शहरात गिऱ्हाईक उरले नाही.

धोरणातील दुसरी विचारणीय बाब म्हणजे उद्दिष्ट. १९८६ च्या धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय अभ्यासक्रमांकडे वळविण्याचे ठरविले होते. १९९२ मध्ये याच टक्केवारीसाठी १९९५ आणि २००० ही वर्षे मुक्रर झाली. २०२० च्या धोरणाने २०२५ पर्यंत किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा ‘परिचय’ घडविण्याचे योजिले. आकडा दुप्पट झाला, परंतु ‘वळविणे’ जाऊन ‘परिचय’ आला. परिचय काही तासांतही घडू शकतो. त्यातून रोजगाराची हमी कोणीच घेत नाही.

या हमीचा विचार नागपूरशेजारी वर्ध्यात २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी भरलेल्या शिक्षण परिषदेच्या सुमारास झाला होता. नई तालीम ही बाजारापासून दूर असलेली, आदर्शवादी कल्पना मानण्याचा प्रघात आहे. मात्र शाळा स्वावलंबी होण्यासाठी मुलांच्या हातून तयार झालेला माल सरकारने ठरावीक दराने विकत घ्यावा, अशी अट गांधीजींनी त्याच वर्षी ‘हरिजन’मध्ये घातली होती. ती व्यवहार्य होती का, यावर वाद होऊ शकतो आणि तेव्हाही झाला. तथापि कसब शिकवायचे तर ते घेणारा कोण, हा प्रश्न त्या योजनेने टाळला नाही. २०२० च्या प्रकरणात समित्या आहेत, उद्योगांशी सहकार्य आहे, पात्रतेची श्रेणीबद्ध चौकट आहे. घेणारा मात्र कोठेही बांधलेला नाही.

जेथे तो बांधला गेला, असे उदाहरणही नागपुरातच आहे. २०१६ च्या राफेल करारासोबत फ्रेंच कंपन्यांवर भारतात ठरावीक मूल्याचे काम देण्याचे बंधन आले. २०१७ मध्ये मिहानमध्ये दसॉ आणि रिलायन्सच्या संयुक्त कारखान्याची पायाभरणी झाली आणि २०१९ मध्ये नागपूरच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत विमानाचा सांगाडा व उपकरणे जोडणाऱ्या फिटरचा स्वतंत्र अभ्यासक्रम दसॉच्या सहकार्याने सुरू झाला. येथे नोकरी देणारा आधी निश्चित झाला, अभ्यासक्रम नंतर आला. हे घडले ते करारातील कलमामुळे. उद्योगाच्या सदिच्छेवर ते अवलंबून नव्हते. उणीवही याच रचनेत आहे. इतक्या विशिष्ट कौशल्याला शहरात कारखाने मोजकेच, आणि एम्प्रेसच्या विणकराची गत कशाने झाली हे नागपूरकरांना ठाऊक आहे. त्याच संस्थेतील साधा फिटर वा वायरमन हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कोणत्याही फाटकावर उभा राहू शकतो. फक्त त्याच्यासाठी करार कोणी केलेला नाही.

त्याच्या वाट्याला १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा येतो. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार ३० वा अधिक मनुष्यबळाच्या आस्थापनांना २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे; त्याहून लहान कारखान्यांवर सक्ती नाही. कायद्याच्या दृष्टीने उमेदवार हा कामगार नव्हे. त्याला पुढे नोकरीवर घ्यावे की नाही, याचे धोरण २०१४ च्या दुरुस्तीने मालकावरच सोपविले. नेमके येथेच पाणी मुरते. वर्षभर यंत्रावर काम करणारा तरुण कामगारही नसतो आणि पुरता विद्यार्थीही नसतो.

हा प्रश्न आता महाविद्यालयांच्याही दारात आला आहे. नव्या धोरणानुसार महाराष्ट्रात पदव्युत्तर अभ्यासक्रमांत चार श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण आले. वाङ्मय किंवा इतिहास शिकविणाऱ्या प्राध्यापकाला आपल्या विद्यार्थ्यांसाठी आस्थापना शोधाव्या लागतात. हे श्रेयांक विद्यार्थ्याला मिळवावेच लागतात आणि महाविद्यालयाला नोंदवावेच लागतात. त्याला दारात उभे करण्याचे बंधन कोणत्याही आस्थापनेवर नाही.