'मस्ट' म्हणजे 'पाहिजे' एवढेच काय? : पेडणे-डिचोलीतील इंग्रजी अध्यापनाच्या निमित्ताने

आपल्याकडे प्रचलित असलेल्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत कॅन, मे, मस्ट, शुड ही मोडल साहाय्यक क्रियापदे एका ठिकाणी आणि गेट ऑन, पुट ऑफ, टेक ऑफ यांसारखी फ्रेजल व्हर्ब भलत्याच ठिकाणी आढळतात. रेमंड मर्फी यांच्या सर्वपरिचित पुस्तकाच्या 2004 च्या आवृत्तीत मोडल क्रियापदे 26 व्या पाठापासून सुरू होतात. फ्रेजल व्हर्ब 137 ते 145 या पाठांत, म्हणजे अगदी शेवटी येतात. रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणात तर दुसऱ्या गटाला शब्दप्रयोगांच्या यादीचेच स्वरूप आहे. संशोधनातही ड्वाइट बोलिंजर यांनी 1971 साली फ्रेजल व्हर्बवर आणि एफ. आर. पामर यांनी 1979 साली मोडल क्रियापदांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिले. संशोधकाला अशी विभागणी सोयीची असते. वर्गात मात्र तिचे परिणाम वेगळे होतात, कारण प्रत्यक्ष वाक्यात हे दोन्ही घटक एकत्रच भेटतात आणि एकमेकांचा अर्थ बदलतात.

पेडणे आणि डिचोली या तालुक्यांच्या संदर्भात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. 1987 च्या कायद्याने देवनागरी कोंकणी ही गोव्याची राजभाषा झाली व मराठीच्या वापराचीही तरतूद राहिली. या दोन्ही तालुक्यांत प्राथमिक शिक्षणावर मराठीचा प्रभाव मोठा आहे. 2011 साली इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला. तरीही येथील अनेक मुले चौथीपर्यंत मराठीतून शिकून पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात येतात. घरी कोंकणी, काही घरांत उर्दू, शाळेत मराठी आणि पुढे इंग्रजी, अशा चार भाषांच्या सान्निध्यात वाढणाऱ्या मुलाला 'मस्ट म्हणजे पाहिजे' आणि 'गेट ऑन म्हणजे चढणे' अशा दोन याद्या पाठ करायला देणे म्हणजे त्याच्याजवळची पुंजी वाया घालवणे होय.

'यू मस्ट गेट ऑन द बस' आणि 'दे मस्ट गेट ऑन वेल' ही दोन वाक्ये पाहावीत. पहिल्यात बंधन आहे: तुम्ही बसमध्ये चढलेच पाहिजे. दुसऱ्यात अनुमान आहे: त्यांचे एकमेकांशी चांगले जमत असावे. दोन्हीकडे 'मस्ट' तेच आणि 'गेट ऑन'ही तेच. फरक असा की पहिल्या वाक्यात 'गेट ऑन' ही क्रिया आहे, तर दुसऱ्यात ती टिकून असलेली स्थिती आहे. स्थिती दाखवणाऱ्या क्रियापदाबरोबर 'मस्ट' सहसा अनुमानाकडे झुकते. यादी पाठ केलेला विद्यार्थी दुसऱ्या वाक्याचे भाषांतर 'त्यांनी चांगले चढले पाहिजे' असे करील, आणि दोष त्याचा नव्हे. वास्तविक मराठीत 'पाहिजे' आणि 'असावे' ही दोन रूपे स्पष्टपणे वेगळी आहेत. उर्दू बोलणाऱ्या मुलालाही 'चढना चाहिए' आणि 'निभती होगी' यांतला भेद शिकवावा लागत नाही. इंग्रजीत जे एका शब्दात लपलेले आहे ते आपल्या भाषांत उघड आहे. पण शिक्षक तेथून सुरुवात करीत नाहीत.

कोंकणीत 'म्हाका वचपाक जाय' आणि 'हांवें वचपाक जाय' यांतील भेद कर्त्याच्या विभक्तीने होतो. पहिल्यात इच्छा किंवा गरज, दुसऱ्यात कर्तव्य. इंग्रजीत कर्ता 'आय' असाच राहतो आणि सगळा भार 'वाँट टू' किंवा 'शुड' यांवर पडतो. म्हणून 'आय शुड गिव्ह अप' ऐवजी 'आय वाँट टू गिव्ह अप' लिहिणाऱ्या मुलाचा गोंधळ बुद्धीचा नसून 'जाय' या एका शब्दाच्या दोन उपयोगांचा असू शकतो. ही चूक लाल शाईने खोडून सुधारत नाही.

याहून अवघड प्रकार गोठलेल्या जोड्यांचा आहे. 'आय कान्ट डू विदाउट टी' याचा अर्थ 'चहावाचून माझे चालत नाही.' यात 'शकणे' कोठेच नाही. उलट 'आय कुड डू विथ टी' म्हणजे 'चहा मिळाला तर बरे होईल'. येथे 'कुड' हा 'कॅन'चा भूतकाळ नव्हे आणि 'करू शकलो' असाही अर्थ नाही. 'आय कान्ट मेक आउट हिज हँडरायटिंग' याला मराठीत 'त्याचे अक्षर लागत नाही' असा नेमका प्रयोग आहे. 'द पंप वोन्ट स्टार्ट अप' यात भविष्यकाळ नाही, पंपाचा हट्ट आहे. बागायतीत काम करणारा माणूस 'पंप सुरूच होत नाही' म्हणेल. अशा ठिकाणी मराठी 'चालणे', 'लागणे' या साध्या क्रियापदांनी काम भागवते. 'कॅन म्हणजे शकणे' हे समीकरण येथे केवळ अपुरे नव्हे, दिशाभूल करणारे आहे.

प्रश्न केवळ गुणांचा नाही. पेडणे तालुक्यात मोपा येथील विमानतळावरून जानेवारी 2023 मध्ये वाहतूक सुरू झाली आणि परिसरातील तरुणांना इंग्रजी सूचनांशी रोज संबंध येऊ लागला. 'यू मे चेक इन नाऊ' यात परवानगी आहे, 'द फ्लाइट मे टेक ऑफ लेट' यात शक्यता. विमानाला उशिरा उडण्याची परवानगी मिळाली असे समजणारा कर्मचारी प्रवाशाला काय सांगणार? 'पॅसेंजर्स मे बी हेल्ड अप' हे वाक्य तर कर्मणी रूपामुळे आणखी फसवे होते.

मराठीतच या शिक्षणाची सामग्री आहे. 'वापरून टाकणे', 'उठून बसणे', 'देऊन टाकणे' ही संयुक्त क्रियापदे फ्रेजल व्हर्बशी पूर्णतः समान नाहीत, पण 'यूज अप' आणि 'वापरून टाकणे' यांत पूर्णतेचा भाव सारखा आहे. 'वापरून टाकले पाहिजे' सहज बोलले जाते. 'वापरून टाकू शकत नाही' मात्र कानाला खटकते. इंग्रजीत 'कान्ट यूज अप' ला अशी अडचण नाही. मोरो केशव दामले यांनी 1911 च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त संयुक्त क्रियापदांची चिकित्सा केली आहे. इंग्रजीच्या शिक्षकाने ती वाचावी, आणि 'जोड्या लावा' या प्रश्नाऐवजी 'गेट ऑन'ची वरील दोन वाक्ये मुलांपुढे ठेवून प्रथम त्यांच्या घरच्या भाषेत अर्थ सांगण्यास सांगावे.