विचारता आले तरच मदत

काही वर्षांपूर्वी आम्ही तीसेक शिक्षकांना एकच इ-मेल पाठवली आणि सगळे पत्ते ‘टू’च्या ओळीत टाकले. दुसऱ्याच दिवशी एका शिक्षिकेने विचारले, “माझा पत्ता सगळ्यांना कशाला दाखवलात?” चूक आमचीच होती. पण एक शंका मनात राहिली. इ-मेलच्या प्रत्येक आज्ञावलीत ‘हेल्प’ची सोय असते, मग अशा वेळी ती कुठे असते?

याचे उत्तर शोधताना ‘पाइन’ ही जुनी आज्ञावली पाहण्यासारखी आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात १९८९ साली तिचे काम सुरू झाले. संगणकात तज्ज्ञ नसलेल्या कर्मचाऱ्यांना माहितीपुस्तक न वाचता, वापरता वापरता ती यावी, हा हेतू होता. भारतात १९९५ नंतर शेल खाते घेणाऱ्या अनेकांना इ-मेलची ओळख पाइननेच करून दिली.

पाइनमध्ये पडद्याच्या तळाशी दोन ओळींत उपयोगी कळा सतत दिसतात. पत्र लिहिताना कंट्रोल आणि ‘जी’ दाबले की मदत मिळते, आणि तीही कर्सर असेल त्या ओळीबद्दल. ‘टू’वर असाल तर ‘टू’ची, ‘सीसी’वर असाल तर ‘सीसी’ची. गणितात अडलेल्या मुलाला आपण पहिला धडा उघडून देत नाही, अडलेली पायरी समजावतो. तसेच हे आहे.

उणीवही इथेच आहे. ‘बीसीसी’च्या ओळीत लिहिलेले पत्ते इतरांना दिसत नाहीत, पण पाइनमध्ये ही ओळ एरवी झाकलेली असते. ती उघडणाऱ्या कळेपुढे ‘रिच हेडर’ एवढेच लिहिलेले असते. ओळ आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो तिच्यावर कर्सर नेणार कसा?

आजच्या ‘थंडरबर्ड’मधील हेल्प वेबपानांवर नेते. माहिती अद्ययावत असते, पण जोडणी तुटली की मदतही तुटते. शिवाय शोधायला योग्य शब्द हवा. मात्र एक सुधारणा आम्हाला मोलाची वाटते. अलीकडच्या आवृत्तींत ‘टू’ आणि ‘सीसी’त मिळून पंधरा किंवा अधिक पत्ते झाले, की हे सर्वजण एकमेकांचे पत्ते पाहतील, अशी सूचना आपोआप येते आणि ‘बीसीसी’ सुचवली जाते. न विचारता, चूक घडण्याआधी मिळालेली ही मदत आहे. पण तिला फक्त मोजता येते. चौदा पालकांना पत्र लिहिले तर मूळ मांडणीत ती गप्पच राहते. पत्ते उघड करावेत की नाही, हे शेवटी आपणच ठरवायचे.

संगणकाच्या तासाला हा प्रयोग जरूर करावा. “वीस जणांना पत्र पाठवायचे आहे, पण एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसू नये. कसे करायचे, ते हेल्पमध्ये शोधा,” असे विद्यार्थ्यांना सांगावे. प्रत्येकाने कोणकोणते शब्द शोधून पाहिले, तेही लिहून घ्यावे. ती यादी वाचली की हेल्प कुठे कमी पडते ते कळेल, आणि शिकवताना आपण काय गृहीत धरतो तेही.