पडद्यावरचा आकडा आणि परतःप्रामाण्य

किरणोपचारात रुग्णाला किती मात्रा द्यायची ते डॉक्टर ठरवतात. पण त्यासाठी यंत्र किती वेळ चालू ठेवायचं, हे कॉम्प्युटरचा प्रोग्राम काढून देतो. त्या आकड्यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा, हा आजचा प्रश्न.

पनामाच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत २०००-०१ मध्ये काय झालं ते पाहा. तिथे ओटीपोटाच्या कर्करोगावर कोबाल्ट यंत्राने उपचार होत. निरोगी भाग वाचावा म्हणून किरणांच्या वाटेत ठोकळे ठेवतात. प्रोग्राममध्ये फार तर चार ठोकळ्यांची माहिती भरता यायची; डॉक्टरांना पाचवा हवा होता. म्हणून सगळे ठोकळे मिळून एकच आकृती आहे, अशी माहिती भरली जाऊ लागली. आतली आणि बाहेरची कड एकाच दिशेने नोंदवली, की प्रोग्राम जवळजवळ दुप्पट वेळ काढायचा. इशारा मात्र काही द्यायचा नाही. २८ रुग्णांना जादा मात्रा गेली, त्यांतले काही त्यामुळेच दगावले. २००४ मध्ये दोन फिजिसिस्टना तुरुंगवासाची शिक्षा झाली.

आता आपले मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. बाध येईपर्यंत ते खरं धरावं. नैयायिक म्हणतात, नाही बुवा, प्रामाण्य बाहेरून सिद्ध व्हावं लागतं. रोजच्या व्यवहारात मीमांसकांचंच चालतं. प्रत्येक घोटाआधी पाणी तपासत बसलो तर तहानेने मरू! पण किरणोपचारात बाध येतो कुठून? पनामात तो आला रुग्णांच्या न थांबणाऱ्या जुलाबांतून, तोही उशिरा. इथे बाधाची वाट पाहणं म्हणजे रुग्णाच्या देहावर हिशेब तपासणं.

कुणी म्हणेल, चूक माहिती भरणाऱ्यांची. हे मला अर्धंच पटतं. वेडीवाकडी माहिती मुकाट्याने घेऊन नेटका आकडा देणारा साक्षीदार आपण कोर्टात तरी मानू का? प्रोग्राम बनवणाऱ्यांनी तिथे नकार द्यायची सोय करायला हवी होती. आणि उपचाराच्या वेळेचा हातानं हिशेब करून पडताळा घ्यायची पद्धत तिथे नव्हती. तोच प्रोग्राम पुन्हा चालवणं हा काही पडताळा नव्हे. ती एकच साक्ष दोनदा ऐकणं झालं. पडताळा वेगळ्या माणसाने, वेगळ्या रीतीने करायचा असतो.

तेव्हा रुग्णालय नवा प्रोग्राम घेतं, त्या वेळी तो किती झटपट चालतो हे नंतर विचारावं. आधी विचारावं, दुसरा हिशेब कोण करणार, आणि दोन्ही जुळले नाहीत तर यंत्र थांबवायचा अधिकार कुणाला?