'लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स' : परीक्षणाच्या अंगाने एक पुनर्वाचन

जोनाथन कॉर्बेट, अलेस्सांद्रो रुबिनी व ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्या 'लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स' या ग्रंथाची तिसरी आवृत्ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. कर्नल २.६.१० वर आधारलेली ही आवृत्ती आंतरजालावर विनामूल्य उपलब्ध आहे. परतवाडा-अचलपूरसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयांच्या दृष्टीने ही सोय लहान नव्हे. ग्रंथातील कोड आजच्या कर्नलवर जसाच्या तसा चालत नाही, हा दोष काळाचा आहे. येथे प्रश्न वेगळा आहे : लिहून झालेला ड्रायव्हर विश्वासार्ह आहे हे कसे ठरवावे, याविषयी हा ग्रंथ काय शिकवतो?

ग्रंथाचा बराच भाग 'स्कल' या उदाहरणावर उभा आहे. स्कलला प्रत्यक्ष हार्डवेअर लागत नाही. संगणकाच्या स्मृतीचा एक भागच तो उपकरण म्हणून वापरतो. अध्यापनासाठी ही निवड उत्तम होय. पाचव्या प्रकरणात तर लेखक स्वतःच्याच कोडातील, दोन प्रक्रिया एकाच वेळी लिहू लागल्यास उद्भवणारा दोष उघड करून दाखवतात. परीक्षण कसे करावे याचा हा नमुनाच आहे. परंतु स्मृती खोटे बोलत नाही, उपकरण बोलू शकते. पहिल्या प्रकरणातील सुरक्षाविषयक विवेचन वापरकर्त्याकडून येणाऱ्या माहितीकडे संशयाने पाहावयास सांगते. तेवढाच संशय उपकरणाविषयी ग्रंथात आढळत नाही.

तेराव्या प्रकरणातील यूएसबीचा सांगाडा-ड्रायव्हर पाहावा. उपकरणाने घोषित केलेल्या एंडपॉइंटांतून आवक व जावक असे दोन बल्क एंडपॉइंट तो शोधतो आणि न मिळाल्यास उपकरण नाकारतो. तपासणी योग्यच आहे. पण तिच्यामागील सुरक्षेचे कारण उलगडलेले नसल्याने विद्यार्थ्याला ती निव्वळ औपचारिकता वाटण्याचा संभव आहे. अशा तपासण्या गाळल्याचा परिणाम २०१७ मध्ये दिसला. गूगलमधील आंद्रेई कोनोवालोव यांनी 'सिझकॉलर' या साधनाद्वारे बनावट यूएसबी उपकरणांचा मारा करून लिनक्समधील अनेक दोष उजेडात आणले. विसंगत माहिती देणारे उपकरण नुसते जोडताच कर्नल कोसळावे, असे त्यांत कित्येक होते.

ड्रायव्हर हे कर्नलचे दुबळे अंग असल्याची सूचना ग्रंथापूर्वीच मिळाली होती. २००१ मध्ये स्टॅनफर्डच्या अभ्यासकांना काही प्रकारच्या दोषांचे प्रमाण ड्रायव्हरांत उर्वरित कर्नलच्या तीन ते सात पट आढळले. २०११ च्या फेरअभ्यासात मात्र दोषांच्या प्रमाणात ड्रायव्हर अग्रस्थानी राहिले नव्हते. सुधारणा झाली, हे मान्य केले पाहिजे.

दुसरी उणीव सामूहिक परीक्षणाची. कर्नलमधील बदलांवर 'रिव्ह्यूड-बाय' व 'टेस्टेड-बाय' अशा नोंदी स्वतंत्रपणे केल्या जातात, आणि हा भेद महत्त्वाचा आहे. नवे उपकरण मोजक्यांच्याच हाती असते. परीक्षक बहुधा केवळ कोड वाचतो. या वाचनाची मर्यादा मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रकरणाने पुढे आणली. तेथील संशोधकांनी २०२० मध्ये मुद्दाम सदोष दुरुस्त्या पाठवून परीक्षकांचीच परीक्षा घेतली. एप्रिल २०२१ मध्ये प्रस्तुत ग्रंथाचे सहलेखक क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाचे योगदान स्वीकारणे थांबवले, आणि तेथून पूर्वी आलेल्या दुरुस्त्यांचीही फेरतपासणी करावी लागली. संमतीशिवाय माणसांवर केलेला हा प्रयोग होता. संशोधन-नीतीच्या तासाला तो अवश्य चर्चेस घ्यावा.

अध्यापकांपुढची अडचण उपकरणांची असते, आणि ती आता पुष्कळशी दूर झाली आहे. 'डमी एचसीडी' हा आभासी नियंत्रक व २०२० मध्ये कर्नल ५.७ त आलेले 'रॉ गॅजेट' यांच्या साहाय्याने खोटे यूएसबी उपकरण आभासी यंत्रातच उभे करता येते. स्कलनंतरचे प्रात्यक्षिक यावर बेतता येईल : एका विद्यार्थ्याने ड्रायव्हर लिहावा, दुसऱ्याने त्याला खोटे उपकरण जोडून तो पाडून दाखवावा, आणि गुण दोघांनाही द्यावेत.