जेन ऑस्टिनची पत्रे : उरलेली आणि जळालेली

जेन ऑस्टिन (१७७५–१८१७) या इंग्रज कादंबरीकर्तीची सुमारे १६० पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांतील बहुतेक थोरली बहीण कॅसांड्रा हिला लिहिलेली. आर. डब्ल्यू. चॅपमन यांनी १९३२ साली त्यांची साक्षेपी आवृत्ती काढली, तेव्हा ई. एम. फॉर्स्टरसारख्या जेनच्या चाहत्यालाही ती क्षुल्लक वाटली. टोप्या, मलमल, नाचाला जमलेली जोडपी, कोणाकडचे बाळंतपण! तिकडे नेपोलियनशी युद्ध पेटलेले, आणि या बाईंना टोपीच्या शोभेची चिंता!

हा आक्षेप मला वरवरचा वाटतो. त्या काळी टपालखर्च बहुधा पत्र घेणाराच देई. अंतर व कागदांची संख्या यांवर तो ठरे. पैसे मोजून सोडवलेल्या पत्रात आप्तांची खबरबात नको, तर काय राजकारण हवे? शिवाय युद्ध तेथे आहेच. फ्रान्सिस व चार्ल्स हे तिचे भाऊ आरमारात होते. शत्रूचे जहाज पकडल्याच्या बक्षिसातून चार्ल्सने १८०१ साली दोघी बहिणींसाठी सोन्याच्या साखळ्या आणि पुष्कराजाचे क्रूस घेतले; जेन त्याच्या उधळेपणावर लटकेच रागावते.

जानेवारी १८०५ मध्ये वडील बाथ येथे निवर्तले. ते वृत्त तिने फ्रान्सिसला डंजनेसच्या पत्त्यावर कळवले. पण त्याचे जहाज पोर्ट्समथला निघाल्याचे समजताच दुसऱ्या दिवशी तेच दुःख पुन्हा लिहावे लागले. ही दोन पत्रे शेजारी ठेवून वाचावीत. आक्रोश नाही; आजाराचा क्रम, आईचा धीर, मृत मुखावरचे शांत स्मित, एवढेच.

तथापि सारेच गोड मानू नये. ऑक्टोबर १७९८ च्या एका पत्रात ओळखीच्या बाईला मृत मूल झाल्याचे सांगताना तिने नवऱ्याच्या रूपावर केलेला विनोद चतुर आहे, पण क्रूर आहे. भक्त-समीक्षक त्यावर पांघरूण घालतात, ते योग्य नव्हे.

कॅसांड्रा १८४५ साली वारली. त्यापूर्वी काही वर्षे तिने पुष्कळशी पत्रे जाळली, काहींतील मजकूर कापून काढला. सप्टेंबर १७९६ ते एप्रिल १७९८ या काळातले एकही पत्र आज नाही. याच अवधीत, १७९७ साली, तिचा वाग्दत्त वर टॉम फाउल वेस्ट इंडीजमध्ये पीतज्वराने दगावला होता. अभ्यासक हळहळतात, मला मात्र तिला दोष देववत नाही. त्या दिवसांत बहिणीने तिला काय लिहिले असेल, ते तिसऱ्याने वाचण्याजोगे नसावे. आश्चर्य एवढेच, की त्या मृत मुलावरचा विनोद तिच्या कात्रीतून सुटला.